ठराव क्रमांक सात : गाडीचं छत

माणूस दोन पायांवर ताठ उभा राहिला त्या क्षणी संस्कृतीचा जन्म झाला, असं जोगेश्वर मेंढी व लोकर सहकारी संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांनी संचालकांना सांगितलं. सांगितलं ते बसून. गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, आणि संस्थेच्या कार्यालयात अध्यक्षांनी उभं राहायची पद्धत तशीही नव्हती. उभं राहायचं ते सभासदांनी.

दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत कडूबाई बसली होती. ती संचालक होती. तीन वर्षांपासून होती, पण सभेला आजवर तिची सही यायची, ती यायची नाही. सचिव गहिनीनाथ रजिस्टर काखेत मारून मेंढरांच्या तळावर यायचा, ती राखेचे हात लुगड्याला पुसून सही करायची, आणि सभा खेळीमेळीत पार पडल्याचं दोघांच्या साक्षीने ठरायचं. महिलांची दुसरी राखीव जागा अध्यक्षांच्या वहिनींची होती. त्यांना तर अजून कोणी पाहिलंही नव्हतं.

आज कडूबाई आली होती, कारण विषय गाडीचा होता आणि गाडी तिला मिळणार होती.

गाडी म्हणजे फिरता पशुदवाखाना. तो फिरला एकदाच, लोकार्पणाच्या दिवशी, कमानीपासून संस्थेच्या गोदामापर्यंत. नंतर डॉक्टर आले नाहीत, औषधं आली नाहीत, आणि गोदामामागे उभ्या असलेल्या त्या गाडीत गावातल्या कोंबड्यांनी अंडी घालायचा सहकारी तत्त्वावर उपक्रम चालवला. तिसरं दुष्काळी वर्ष लागलं. गावंदरवाडीची विहीर पोळ्यालाच आटली, माळावरचं कुसळसुद्धा मेंढरांनी खरवडून खाल्लं, आणि मेंढपाळांची अकरा घरं दरवर्षीपेक्षा महिनाभर आधी जायकवाडी धरणाच्या फुगवट्याकडे निघायच्या तयारीला लागली. पाणी मागे सरतं तिथं गवत उगवतं, ते खात खात पुढं जायचं. तेव्हा मोहनरावांना सुचलं की दवाखान्याच्या गाडीचं फिरतं घर करावं. घर एक, कुटुंबं अकरा. चिठ्ठ्या टाकल्या. कडूबाई आणि तिचा नवरा सटवा यांचं नाव निघालं.

"तर प्रश्न एवढाच हाय," मोहनराव म्हणाले, "की छत कसलं करायचं. हरिबा, सांग."

हरिबा मिस्तरी गेवराईचा. उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. असली गाडी कशी करतात हे बघायला तो पुण्याला जाऊन आला होता आणि अजून त्या धक्क्यातून सावरला नव्हता.

"तिकडं लोकांन्ला घरं हायत," तो म्हणाला. "चांगली. लिफ्टवाली. तरी गाडीत झोपायला रानात जातेत."

"घर असून?" कडूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"असून."

"मंग कावून?"

"हौस."

"ती हौस आमच्या सात पिढ्यांनी केली," कडूबाई म्हणाली. "आमाला कुनी गाडी दिली न्हाई."

संचालक हसले. राखीव जागा बोलते, हे त्यांना नवीन होतं.

हरिबाने बुटाचा खोका टेबलावर ठेवला. खोक्याच्या झाकणाला मागून बिजागरी, पुढून ते वर उचललं की तिन्ही बाजूंनी शाळेच्या दप्तराचं कापड ताणलं जायचं. "हे उघडतं छत. चालताना खाली, मुक्कामाला वर. बाजूला ताडपत्री. आणि दुसरं हे." त्याने चहाच्या पुड्याचं रिकामं खोकं पहिल्या खोक्यावर उपडं घातलं. "हे उंच छत. पत्र्याचं, पक्कं. येकदा बसवलं की बसलं. आत सहा फुटी माणूस सरळ उभा ऱ्हातो."

"उघडतं छत आधुनिक हाय," मोहनराव म्हणाले. "परदेशात समदीकडं तेच. माझ्या मते ठराव—"

"ते वर कोन करणार?" कडूबाईने विचारलं.

"काय?"

"झाकण. खोक्याचं न्हाई, गाडीचं. किती गडी लागतेत?"

हरिबाने मान खाजवली. "नवं हाय तवर येक. धूळ गेली, बिजागरी कुरकुरली, की दोन."

"गडी दिसभर मेंढरामागं. दिस बुडाल्यावर येतेत. तवर मी काय करू, झाकण उघडायची वाट बघत बोनेटवर बसू?"

"शिकाल हो," मोहनराव म्हणाले. "बाया इमान चालवायल्यात आता."

"इमानाचं छत उघडतंय व्हय?"

आश्रुबा फसकन हसला. आश्रुबा म्हणजे संस्थेचा सगळ्यात जुना संचालक, ऐंशीच्या पलीकडचा. त्याच्या घरची मेंढरं आता नातू राखायचे, आणि तो सभेला चहासाठी यायचा असं तो स्वतःच सांगायचा.

मोहनरावांनी चष्मा काढला, म्हणजे आता समजावून सांगायचं ठरवलं. "कडूबाई, तुमची अडचण काय हाय? पालात ऱ्हायलात ना जलमभर? पाल ताडपत्रीचं, हे बी ताडपत्रीचं. उलट खाली चाकं हायत."

अडचण काय हे कडूबाईला सकाळपासून माहीत होतं. सकाळपासून कशाला, लग्न होऊन पहिल्यांदा मेंढरामागं निघाली त्या पहाटेपासून माहीत होतं. पण ती अडचण नऊ गड्यांसमोर टेबलावर ठेवायची म्हणजे तिथं आधीच दोन खोकी होती. तिने पदर सावरला आणि ठेवली.

"लुगडं," ती म्हणाली.

गहिनीनाथचं पेन थांबलं.

"नऊवारी लुगडं बसून नेसता येत न्हाई. पालात उभं ऱ्हाता येत न्हाई. तीस वर्सं झाली, दिस उगवायच्या आधी उठायचं, काट्याच्या आडोशाला जायचं, जावंनं घोंगडी धरायची आन तिच्या मागं उभं ऱ्हाऊन नेसायचं. वारं असलं की येक हात लुगड्याला आन येक घोंगडीला. रस्त्यानं ट्रक गेला की लाईट अंगावर. ड्रायव्हर हारन मारतेत. तीस वर्सं. आता तुमचं झाकण वर केलं, आत कंदील लावला, की ताडपत्रीवर समदी सावली. म्हंजे तंबूतला शिनेमा. तिकिट लावा की, संस्थेला उत्पन्न."

एक संचालक भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. ते गेल्या वर्षीचं होतं.

"साहेब, इतिवृत्तात काय लिहू?" गहिनीनाथने हळूच विचारलं.

"वस्त्रविषयक अडचण," मोहनराव तितक्याच हळू म्हणाले. मग मोठ्याने, "पण कडूबाई, माणसानं जरा जुळवून घ्यावं. मनात आणलं तर बसून बी नेसता येतं."

"आध्यक्ष, मंग तुमी धोतर बसून नेसून दावा."

मोहनराव पँट घालायचे. त्यांचे वडील कै. आप्पाराव यांच्यापर्यंत घराण्यात धोतर होतं. सहकारात आल्यावर मोहनराव पँटीवर आले. "मला सवय न्हाई," ते म्हणाले.

"मला हाय," आश्रुबा म्हणाला. "पासष्ट वर्सांची."

त्याच्या पिशवीत धुतलेलं धोतर होतं. तलवाड्याला लेकीकडे मुक्कामाला जायचं होतं म्हणून आणलेलं. त्याने ते काढलं, झटकलं, अंगातल्या धोतरावरूनच कमरेला गुंडाळलं, आणि खुर्चीत बसून निऱ्या घालायला घेतल्या. सभा श्वास रोखून बघत होती. निऱ्या झाल्या. खोचायला गेला तर पोट मध्ये आलं. पोट मागे घेतलं तर निऱ्या सुटल्या. कासोटा मागे न्यायची वेळ आली तेव्हा खरी मेख कळली, कारण मागे खुर्ची होती. आश्रुबा एका बाजूला कलंडला, मग दुसऱ्या, मग खुर्चीचा एक पाय उचलला गेला आणि दोन संचालकांनी त्याला वरच्यावर धरला.

"न्हाई जमत बे," आश्रुबा टेबलाखालून धोतराचा सोगा ओढत म्हणाला. "ह्याला उभंच ऱ्हावं लागतंय. ह्या बाईनं तीस वर्सं केलं कसं?"

मतदान झालं. हजर संचालकांत धोतरवाले पाच, लुगडंवाली एक, बाकी चार पँटवाले. उंच छत, सहा विरुद्ध चार. गावंदरवाडीच्या सहकाराच्या इतिहासात अध्यक्षांच्या विरोधात मंजूर झालेला हा पहिला ठराव. गहिनीनाथने तो लिहिताना क्रमांक दोनदा तपासला : सात.

मग मोहनराव खरं बोलले.

"उंच छताची गाडी नऊ फूट भरती. कमानीखालून जाणार न्हाई."

कमान गावाच्या तोंडाशी होती. कै. आप्पाराव यांच्या स्मरणार्थ बांधली तेव्हा बारा फूट उंच होती. गुलालाने भरलेला ट्रक आणि त्यावर उभी असलेली माणसं तिच्याखालून गेलेली जुन्या लोकांना आठवत होती. पण मग रस्ते आले. एक आमदार निधीतून, एक खासदार निधीतून, एक कुठल्या निधीतून ते कोणालाच सांगता आलं नाही. प्रत्येक रस्ता आधीच्या रस्त्यावरच झाला, कारण खणणं कामात धरलेलं नव्हतं. वर दोनदा दुरुस्ती झाली. कमान होती तिथंच राहिली, गाव वर वर येत गेलं. आता खालून आठ फूट जागा उरली होती. एसटी बाहेरच थांबायची. विकास असाच चालू राहिला तर दहा वर्षांत आप्पारावांच्या नावाला हात लावून नमस्कार करता येईल, असं आश्रुबा म्हणायचा.

"न्हाई गेली तर न्हाई," कडूबाई म्हणाली. "आमी गाव सोडून चाललाव. गाडीला गावात काय काम हाय?"

"लोकार्पण कमानीखाली असतं. आप्पांच्या नावाखाली. संस्थेचं वाहन आप्पांच्या कमानीखालून जात न्हाई, हे बरं दिसंल?"

"मंग कमान उंच करा."

मोहनरावांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. पण त्या दिवशी त्यांनी कामाच्या आदेशावर सही केली नाही, दुसऱ्या दिवशी केली नाही, आणि तिसऱ्या दिवशी गहिनीनाथने निरोप आणला की साहेबांनी फाईल अभ्यासासाठी घरी नेली आहे.

"सोड," सटवा म्हणाला. तो भला माणूस होता आणि सगळ्या भल्या माणसांसारखा त्याला भांडण टाळायचा छंद होता. "उघडतं तर उघडतं. आपल्याला काय, मेंढरांत निजायचं हाय."

"तुमाला निजायचं हाय," कडूबाई म्हणाली. "मला उठायचं हाय."

"आगं, तिथं तळ्याकाठी चांगली झुडपं असतेत."

"आवं, तुमी येकदा झुडपामागं लुगडं नेसून या. मंग बोलू."

सटवा मेंढरांकडे निघून गेला.

आता गावंदरवाडीचा रिवाज असा, की मेंढरं बाहेर निघण्याआधी अकराही घरांचे कळप तीन रात्री मोहनरावांच्या मोसंबीच्या बागेत बसायचे. आप्पारावांच्या वेळेपासून. मेंढरं बसली की लेंडी पडते, मूत जिरतं, आणि बाग वर्षभर हिरवीगार. बदल्यात मालकाने सगळ्यांना ज्वारी द्यायची आणि शेवटच्या दिवशी जेवण. मोसंबीचा बहार धरायची हीच वेळ. गावाला टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, मोहनरावांच्या बागेला रोज. तेव्हा पाण्याची ददात नव्हती. खत मात्र टँकरने येत नाही.

कडूबाई त्या दुपारी टँकरच्या रांगेत गेली. तिथं घागरी रांगेत होत्या आणि बाया सावलीला. अकराही घरच्या होत्या. तिने फार काही सांगितलं नाही. लुगडं म्हणाली, घोंगडी म्हणाली, ट्रकचा लाईट म्हणाली. बाकीचं त्या एकमेकींना सांगत राहिल्या. एकीने ड्रायव्हर हॉर्न कसा मारतो ते तोंडाने वाजवून दाखवलं, आणि हसता हसता दोघींनी डोळे पुसले.

संध्याकाळी मोहनरावांच्या बागेच्या फाटकाशी ज्वारीची पोती येऊन पडली. मेंढरं आली नाहीत. ती कमानीच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या गायरानावर बसली. हजारभर मेंढरं, एका दगडाच्या माळावर, जिथं आप्पारावांच्या आज्यानेही कधी काही उगवलेलं पाहिलं नव्हतं. सकाळी सगळा माळ लेंड्यांनी काळा झाला होता.

पहिल्या दिवशी मोहनराव हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गहिनीनाथला पाठवलं. गहिनीनाथने विचारलं, हा बहिष्कार समजायचा का? कडूबाई म्हणाली, मेंढरं कुठं बसतील हे मेंढरं ठरवतात, इतिवृत्तात तसं लिही. तिसऱ्या दिवशी मोहनराव स्वतः जीप घेऊन आले. गुडघा दुखत असल्याने ते खाली उतरले नाहीत, पण माळाकडे बघताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कोणीतरी तूप गटारीत ओततंय.

"सरकारी जमिनीला खत!" ते म्हणाले. "कडूबाई, अहो, सरकारी जमिनीला! ह्याचं काय होणार?"

"कुसळं लई येतील."

"हे राजकारण हाय."

"न्हाई सायेब. लेंड्या हायत."

मागे सटवा खोकला. नवऱ्याचा तो खोकला बायकोला गप्प बसण्याची सूचना म्हणून होता, पण तीस वर्षांत तो कधी वेळेवर आला नव्हता.

"उद्या निघायचा दिस," कडूबाई म्हणाली. "बाकीची मेंढरं पुढं जातील. माझी हितंच बसतील, गाडी ईस्तोवर. चारा संपला तर मरतील. मंग मेलेली मेंढरं कमानीखाली ओळीनं ठिवीन, ती बसतेत आठ फुटात. त्याचं लोकार्पण करा."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. सटवाने खोकणं बंद केलं. मेंढरं मरू देणारी ती बाई नव्हती, हे सटवाला माहीत होतं. तेच मोहनरावांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घ्यायला त्यांनी कधी तळावर पाय ठेवला नव्हता. ते जीपमध्येच फाईल मांडीवर घेऊन बसले. पेनचं टोपण काढत म्हणाले, "दोन रात्री तरी बागेत बसवा."

"सही झाली की तिन्ही."

"आन गाडी गावात येणार न्हाई. कमानीबाहेर म्हंजे बाहेर. आप्पांच्या नावाला धक्का लागाय नगं."

"मान्य."

त्यांनी सही केली. त्या रात्री अकराही घरांची मेंढरं मोसंबीत शिरली.

गाडी तेरा दिवसांत आली. तोवर बाकीची दहा घरं पुढे गेली होती; कडूबाईची मेंढरं आश्रुबाच्या कडब्यावर तगली. हरिबाने काम चोख केलं होतं. छत पांढरं, पत्र्याच्या आत काथ्याचं अस्तर, खिडक्यांना पडदे, आत एक फळी बसायला-निजायला, मोरीइतकी रिकामी जागा मधोमध. दोन्ही बाजूंना संस्थेचं नाव. मागच्या दारावर हात जोडलेले मोहनराव, पूर्ण आकारात. दार उघडलं की ते नम्रपणे बाजूला व्हायचे.

लोकार्पण कमानीबाहेर उरकलं. मोहनरावांनी फीत कापली, गहिनीनाथने टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळे कडूबाईकडे बघायला लागले, कारण लाभार्थ्याने दोन शब्द बोलायचे असतात.

तिने बोचक्यातून ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, मोहनरावांना बाजूला केलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी वाजली.

भर दुपार होती. कोणी आडोसा धरलेला नव्हता. आत ती उभी राहिली, आधी नुसतीच. मग हात वर केला. छताला पोचला नाही. मग टाचा उचलल्या. तरी पोचला नाही. तिला हसू आलं, आणि बाहेर ऐकू जाईल म्हणून तिने ते दाबलंही नाही. मग सावकाश, प्रत्येक निरी बोटाने मोजून, मोडून, परत घालून, तिने लुगडं नेसलं. कासोटा घट्ट ओढला. पदर काढला, आवडला नाही, सोडला, पुन्हा काढला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला घाई नव्हती.

बाहेर अध्यक्ष, सचिव, मिस्तरी, आश्रुबा, नवरा आणि तलवाड्याहून आलेला एक वार्ताहर उन्हात उभे होते. वार्ताहराने घड्याळ बघितलं.

"आत काय चालू हाय?" मोहनरावांनी विचारलं.

"ठराव क्रमांक सात," आश्रुबा म्हणाला.

ती बाहेर आली तेव्हा दोन शब्द विचारायचं कोणाला सुचलं नाही. कळप निघाला. पुढे सटवा आणि मेंढरं, मागे गाडी, गाडीत हरिबाचा भाऊ धुळाजी ड्रायव्हर म्हणून.

पैठणच्या अलीकडे थंडी वाढली, आणि त्याच आठवड्यात कळप व्यायला लागला. नवी कोकरं दिवसभर चालू शकत नाहीत. आजवर ती झोळीत, खांद्यावर, नाहीतर भाड्याच्या घोड्यावर जायची. कडूबाईने निजायची फळी काढून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि आत कडबा अंथरला. माणसं बाहेर निजली, कारण मेंढरांपासून दूर निजलेला मेंढपाळ सकाळी लांडग्याला रामराम करतो. रोज पहाटे पाव तासासाठी ती कोकरांना एका बाजूला सारून दार लावून घ्यायची. उरलेला दिवस आणि सगळी रात्र गाडी त्या अठरा कोकरांची.

संक्रांतीनंतर गहिनीनाथचा फोन आला. वार्षिक अहवालात उंच छताच्या योजनेचे लाभार्थी किती लिहू?

"एकोणीस," कडूबाईने सांगितलं, आणि त्याने ते लिहिलं.

नुकत्या जन्मलेल्या कोकराची उंची सव्वा फूट असते.